टेक्ससमधली रात्रीची कायोटी शिकार: थर्मल, नाइट व्हिजन आणि सोबतचे मित्र

ऑस्टिन, सॅन अँटोनिओ, डॅलसकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना ऑफिसातल्या एखाद्या मित्राचं आमंत्रण येतं: शनिवारी रात्री रँचवर चल, कायोटी मारायला जाऊ. एकाकडे थर्मल स्कोप असतो, म्हणजे रायफलवर बसवायचं, उष्णता टिपून पडद्यावर दाखवणारं यंत्र, दुसऱ्याकडे हातात धरायची थर्मल दुर्बीण, आणि आपला माणूस जॅकेट चढवून गाडीत बसतो. बाकीचं तिथे गेल्यावर बघू म्हणतो. चुकांना सुरुवात होते ती इथेच, आणि त्या दरवेळी त्याच असतात. परवाना नाही, स्कोपचा झिरो (म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते ना ही जुळणी) कुणी तपासलेला नाही, कोणी कुठे बसायचं ते ठरलेलं नाही, आणि पडद्यावर पांढरं काही हललं की तो कायोटीच, अशी पक्की समजूत.

खालचा क्रम फक्त टेक्ससमधल्या खाजगी जमिनीसाठी आहे. दुसऱ्या राज्यांत रात्रीची शिकार, दिवे आणि थर्मल यांचे नियम वेगळे आहेत. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा यातलं काही गावाकडे करून बघायचा प्रश्नच येत नाही. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा मोठं आणि लांडग्यापेक्षा लहान जनावर. टेक्ससमध्ये त्याच्या शिकारीला बंद हंगाम नाही. शेळ्या-मेंढ्या आणि नवी वासरं राखणाऱ्यांना तो नकोसा असतो, म्हणून रँचवाले परवानगी देतात.

1. आधी कागद

परवाना टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ डिपार्टमेंटचा. इथे एक घोळ नेहमी होतो. 2019 पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारायला परवाना लागत नाही, आणि हे ऐकलेले लोक तोच नियम कायोटीला लावतात. कायोटीसाठी परवाना लागतो. पाळीव जनावरांवर हल्ला करणाऱ्या कायोटीपुरती सूट आहे, पण पाहुणा म्हणून गेलेल्याने तिच्या भरवशावर राहू नये. परवान्याचं वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होऊन 31 ऑगस्टला संपतं. जुलैत काढलेला परवाना वर्षभर चालेल असं धरून ऑक्टोबरात शिकारीला निघालेली माणसं काही कमी नाहीत.

तुमचा जन्म 2 सप्टेंबर 1971 ला किंवा त्यानंतर झाला असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. 17 वर्षांवरच्यांना एकदाच मिळणारी मुदतवाढ विकत घेता येते, पण तिच्यासोबत जाणकार शिकाऱ्याची सोबत वगैरे अटी येतात. त्यापेक्षा कोर्स करून टाकावा.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. एच-1बी, एफ-1 किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. या मनाईला काही अपवाद आहेत आणि त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, चालू असलेला शिकारीचा परवाना. मित्राची रायफल पाच मिनिटं हातात घेणं हेही बाळगणंच समजलं जाऊ शकतं. म्हणजे 31 ऑगस्टला संपलेला परवाना इतरांसाठी दंडाची बाब असेल, तुमच्यासाठी थेट केंद्रीय गुन्ह्याची आणि पुढे ग्रीन कार्डाची. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. रँचवरचा मित्र छातीठोकपणे काहीही सांगेल, त्याचं जात काय?

जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या: तारीख, माणसांची नावं, कोणकोणतं कुरण. टेक्ससमध्ये शिकार करताना गोळी कुंपणापलीकडे दुसऱ्याच्या जमिनीत गेली आणि त्या मालकाची लेखी संमती नसेल, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्यावर उभ्या गाडीतून बार काढणंही बेकायदा.

आणखी एक. थर्मल आणि नाइट व्हिजनची उपकरणं अमेरिकेबाहेर न्यायला निर्यातीचे कडक नियम आहेत, त्यातही नाइट व्हिजनमधल्या चांगल्या प्रतीच्या, उजेड वाढवणाऱ्या ट्यूबवर जास्तच. दिवाळीला घरी जाताना भावाला दाखवायला म्हणून ते बॅगेत टाकू नका.

*तपासा: प्रत्येकाचा परवाना, त्यावरची तारीख, मालकाची चिठ्ठी. यातलं एक जरी नसेल तर त्या माणसाने रायफलला हात लावायचा नाही. दुर्बीण धरून बसायला हरकत नाही.*

2. जमीन उजेडात बघून घ्या

रात्री पोहोचून थेट बसणं ही दुसरी ठरलेली चूक. थर्मलमध्ये सगळं दिसतं असं वाटतं, म्हणून दिवसा कोणी जात नाही. पण थर्मलमध्ये दिसतो तो तापमानातला फरक. टेकडीमागचं घर त्यात दिसत नाही, कुरणाच्या टोकाला असलेला रस्ता गाडी येईपर्यंत दिसत नाही.

सूर्य मावळण्याच्या निदान दोन तास आधी पोहोचा आणि मालकाबरोबर फिरा. त्याला हे नक्की विचारा: आज गुरं कोणत्या कुरणात आहेत? वासरं झाली आहेत का? शेजाऱ्यांची घरं कुठे? रात्री कोण कोण येतं? शेवटचा प्रश्न पश्चिम आणि दक्षिण टेक्ससमध्ये सोडूच नका. तिथे रँचवर तेलविहिरी असतात आणि त्या सांभाळणारा माणूस, ज्याला तिकडे पंपर म्हणतात, रात्री-अपरात्री पिकअप घेऊन येतो. पंपाची मोटर थर्मलमध्ये झगझगीत दिसते. तिच्याशेजारी वाकून व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस मात्र लांबून एक बसकं पांढरं ठिपकं दिसतो.

सोनोरा, जंक्शन, सॅन अँजेलोच्या पट्ट्यात शेळ्या-मेंढ्यांचे रँच आहेत आणि तिथे राखणीची कुत्री असतात: ग्रेट पिरनीज, अनातोलियन. ती कळपाबरोबर राहतात, रात्रभर हिंडतात, आणि कायोटीचा आवाज ऐकला की त्याच दिशेने धावत येतात. तुमच्या कॉलरला (जनावरांचे आवाज वाजवून कायोटीला बोलावणारं यंत्र) सगळ्यात आधी प्रतिसाद देणारं जनावर बहुतेक वेळा हेच असतं. कुत्री किती, त्यांच्या गळ्यात पट्टे आहेत का आणि आज ती कोणत्या बाजूला आहेत हे कळल्याशिवाय त्या रँचवर बसू नका. शेजाऱ्याच्या कुत्र्यांचीही चौकशी करा, त्यांना कुंपण माहीत नसतं.

मग बसायच्या दोन-तीन जागा ठरवा आणि प्रत्येक जागेवरून कोणत्या दिशेला बार चालेल ते जमिनीवर उभं राहूनच पक्कं करा. गोळी अडवायला मागे मातीचा चढ हवा. .223 कॅलिबरच्या रायफलची गोळी मोकळी सुटली तर दोन मैलांच्या आसपास जाऊ शकते, आणि टेक्ससमधली बरीच जमीन ताटासारखी सपाट आहे. अशा ठिकाणी जरा उंचावर बसून खाली रोखता येईल अशी जागा शोधावी लागते. क्षितिजरेषेवर उभ्या असलेल्या जनावरावर बार नाही, मग ते कितीही झोकात उभं असो.

गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणारा सरकारी अधिकारी) फोन करून आज रात्री अमुक रँचवर आम्ही आहोत एवढं सांगा. कायद्याने सक्ती नाही, पण रात्री गोळीचे आवाज ऐकून शेजारी त्यालाच फोन करतात.

3. कोणतं उपकरण कशासाठी

थर्मल शोधतं, नाइट व्हिजन वाट दाखवतं. दोन्ही एकाच कामाची समजून लोक एकावर पैसे ओततात आणि दुसऱ्यावाचून अडतात.

थर्मलला प्रकाश लागत नाही. जनावराच्या अंगातून निघणारी उष्णता ते टिपतं, म्हणून अमावास्येच्या रात्री, गवतात अर्धवट दडलेलं जनावरही उठून दिसतं. पण काचेतून थर्मल पार होत नाही. गाडीची काच वर ठेवून बघितलंत तर स्वतःचाच धूसर आकार दिसेल. दाट धुकं आणि पाऊस यांत त्याचा पल्ला झपाट्याने घटतो. काटेरी तार आसपासच्या हवेइतकीच थंड असते, ती बहुधा दिसतच नाही, आणि थर्मल डोळ्याला लावून चालणारे त्या तारेत गुडघ्यापासून अडकतात. रॅटलस्नेकचंही तेच: सापाचं अंग जमिनीइतकंच उबदार किंवा गार असतं, म्हणून उबेच्या रात्री पायवाटेवर वेटोळं घालून बसलेला साप थर्मलमध्ये जमिनीत मिसळून जातो. पायाखाली साधा लाल किंवा पांढरा दिवाच हवा.

नाइट व्हिजन म्हणजे उपलब्ध उजेड वाढवून दाखवणारी ट्यूब, किंवा अलीकडची डिजिटल यंत्रं. यात तार दिसते, गेट दिसतं, गुरांच्या कानातला बिल्ला दिसतो, मित्राचा हात कुठे आहे तेही दिसतं. चालायला, गाडी लावायला आणि थर्मलमध्ये सापडलेलं जनावर नीट ओळखायला हेच बरं. चंद्र नसेल तर इन्फ्रारेड दिवा लागतो. 850 नॅनोमीटरचा दूर पोहोचतो पण समोरून पाहिलं तर अंधुक लाल ठिपका दिसतो. 940 चा दिसत नाही, पण पल्ला कमी. ट्यूबच्या यंत्रावरचं झाकण दिवसा काढू नका, कडक उजेडाने ट्यूब कायमची खराब होऊ शकते.

खोक्यावर लिहिलेल्या पल्ल्याला भुलू नका. 1,800 मीटर लिहिलेलं असतं ते तिथे काहीतरी गरम आहे एवढं कळण्याचं अंतर. ते काय आहे हे कळायला त्या आकारावर कितीतरी जास्त पिक्सेल पडावे लागतात. 384×288 च्या सेन्सरवर जे कुत्रं की कायोटी कळत नाही ते 640×512 वर त्याच अंतरावर कळू शकतं. डिजिटल झूमने यात काही फरक पडत नाही, तेच चार चौकोन मोठे होतात.

माझं मत विचाराल तर पहिला पैसा हातात धरायच्या थर्मल दुर्बिणीवर घाला, रायफलवरच्या स्कोपवर नंतर. कारण पुढे येईलच.

4. झिरो आणि सेटिंग: आदल्या दिवशी

थर्मल स्कोप दुकानातून आणला, रायफलवर बसवला, रात्री रँचवर गेलो, असं करणारे जनावर जखमी करतात. क्रम असा:

माउंटचे स्क्रू ठरलेल्या टॉर्कने आवळा. नंतर आधी आयपीस (डोळ्याकडची लेन्स) फिरवून पडद्यावरचे आकडे आणि क्रॉस स्पष्ट करा, मग पुढची लेन्स फिरवून लक्ष्य स्पष्ट करा. उलट क्रमाने केलंत तर दोन्ही अर्धवट राहतं आणि डोळा दुखतो.

कागदी लक्ष्य थर्मलला दिसत नाही, कारण कागद आणि शाई एकाच तापमानाची. पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियमच्या टेपचा छोटा चौकोन चिकटवा आणि पुठ्ठा जरासा मागे कलता ठेवा. टेपमध्ये थंड आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि चौकोन काळा दिसतो. ढगाळ असेल तर हात शेकायची पुडी चिकटवा.

आधी 50 यार्डांवर, मग 100 वर. तीन गोळ्यांचा गट बघून दुरुस्ती करा, एका गोळीवर नको. बहुतेक स्कोपमध्ये चित्र गोठवून क्रॉस सरकवायची सोय असते. गोठवण्याच्या क्षणी रायफल हलली तर झिरोही तेवढाच हलतो, म्हणून ती पक्क्या आधारावर हवी. शेवटी सेव्ह केलं का ते बघा. मग स्कोप बंद करून पुन्हा सुरू करा आणि आणखी एक गोळी झाडून खात्री करा.

स्कोपमध्ये वेगवेगळ्या रायफलींची प्रोफाइल, म्हणजे प्रत्येकीच्या झिरोची साठवलेली सेटिंग, असतात. मित्राने मागच्या आठवड्यात तोच स्कोप दुसऱ्या रायफलवर लावला होता आणि प्रोफाइल बदललेलं राहिलं, ही तक्रार इतकी नेहमीची आहे की बसायच्या आधी पडद्यावरचं प्रोफाइलचं नाव मोठ्याने वाचायचा नियमच करा.

नळी आणि स्कोप यांच्यात काही इंचांचं अंतर असतं. स्कोपमधून समोर मोकळं दिसतं, पण नळीपुढे गाडीचं बॉनेट, कुंपणाचा आडवा पाइप किंवा पाण्याच्या टाकीची कड असते. बॉनेटला भोक पडतं ते असं. ट्रायपॉड वापरा आणि नळीच्या पुढचं हाताने चाचपा.

पडद्याची चमक कमी ठेवा. जास्त असेल तर गालावर उजेडाचा चकता पडतो, तो लांबून दिसतो, आणि डोळा काढला की काही क्षण तुम्हाला पुढचं काहीच दिसत नाही. डोळा टेकल्यावरच उघडणारं रबरी झाकण मिळतं, ते लावून घ्या.

*तपासा: भरलेल्या बॅटऱ्या, प्रत्येक यंत्रामागे एक जादा. थंडीत त्या लवकर उतरतात, म्हणून जादाची बॅटरी खिशात, अंगाजवळ.*

5. माणसं आणि दिशा

मित्रांबरोबरच्या शिकारीत सगळ्यात मोठा धोका मित्रच असतात. तिघे पुरेत. चौथा आला तर तो फक्त बघणारा, रायफलशिवाय.

गाडीतून उतरायच्या आधी एकाला म्होरक्या करा. मालकाशी बोलणं, जागा ठरवणं, थांबा म्हणणं ही त्याची कामं. तो जास्त अनुभवी असतोच असं नाही, पण त्याचा शब्द त्या रात्री शेवटचा.

सगळ्यांनी एका ओळीत, खांद्याला खांदा लागेल इतपत जवळ बसायचं. एक इथे आणि एक पन्नास यार्डांवर झाडाखाली, ही पद्धत दिवसाची, आणि दिवसाही फारशी बरी नाही. ओळीपुढे कोणी जायचं नाही, लघवीला जायचं तरी मागे, आणि सांगून.

मग प्रत्येकाला दिशा वाटून द्या. डावा माणूस: डावीकडच्या पवनचक्कीपासून मधल्या मेस्कीटच्या झाडापर्यंत. उजवा: त्या झाडापासून टाकीपर्यंत. खुणा रात्रीही दिसतील अशा हव्यात. थर्मलमध्ये टाकी दिसते, रंगवलेला खांब नाही. शक्य असेल तर दोन्ही टोकांना जमिनीत काठी रोवून त्यावर शेकायची पुडी बांधा. जनावर तुमच्या पट्ट्यातून दुसऱ्याच्या पट्ट्यात गेलं की ते त्याचं. रायफल फिरवत त्याच्या मागे जायचं नाही. मित्र शेजारी बसलेला असतो आणि तुमचा एक डोळा पडद्यात, दुसरा मिटलेला.

बोलायचे शब्द आधी ठरवा आणि ते सगळ्यांना कळणाऱ्या भाषेत असू देत. गटात एखादा टेक्सन असेल तर घाईत तोंडून गेलेलं "थांब थांब" त्याला कळणार नाही. "सीझ फायर" कोणीही म्हणू शकतो आणि ते ऐकल्यावर सगळ्यांची बोटं चापावरून निघतात, कारण नंतर विचारायचं. टोप्यांना मागून दिसतील अशा छोट्या इन्फ्रारेड बत्त्या लावल्या तर नाइट व्हिजनमधून कोण कुठे आहे ते लगेच कळतं.

दारू नाही, आधीही आणि मधेही नाही. रँचवर बिअरचा कूलर हमखास असतो. तो रायफली पेटीत गेल्यावर उघडायचा.

*थांबा: कोणी "मी नंतर येतो" म्हणत असेल तर आजचा बेत बदला. तुम्ही जागेवर बसल्यानंतर अंधारात चालत येणारा मित्र थर्मलमध्ये फक्त एक गरम आकार असतो.*

6. वारा, चाल, आवाज

कायोटी आवाजाच्या थेट समोर सहसा येत नाही. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि वास घेतो. म्हणून वारा एका बाजूने दुसऱ्या बाजूला वाहील अशी बैठक सोयीची. वारा डावीकडून असेल तर इलेक्ट्रॉनिक कॉलर समोर 40 ते 60 यार्डांवर ठेवा आणि उजवीकडचा भाग मोकळा व नजरेत असू द्या. जास्त काम उजव्या माणसाला पडेल, तिथे शांत डोक्याचा गडी बसवा.

गाडी टेकाडाआड, दिसणार नाही अशी लावा. दारं आपटू नका. चालताना चेंबर (रायफलमध्ये काडतूस बसतं तो भाग) रिकामं, नळी खाली किंवा बाजूला, काडतूस बसल्यावरच. चिवड्याची पिशवी गाडीत राहू द्या. रात्रीच्या शांततेत प्लॅस्टिकची चुरचुर लांबवर जाते.

बसल्यावर पाच मिनिटं काहीच वाजवू नका, फक्त दुर्बिणीने पूर्ण वर्तुळ फिरवून बघा. आधीच जवळ असलेली गुरं, हरणं, माणसं या वेळात सापडतात. उन्हाने तापलेले दगड आणि पाण्याच्या टाक्या सूर्यास्तानंतर बराच वेळ पांढऱ्या दिसत राहतात, त्यांची जागा लक्षात ठेवा म्हणजे नंतर दचकायला होत नाही.

मग सशाच्या कण्हण्याचा आवाज, हळू. काही मिनिटांनी थोडा मोठा. जानेवारी ते मार्च हा त्यांचा जोडीचा काळ, तेव्हा एकट्या कायोटीची हाळी चांगली चालते. उन्हाळ्यात पिल्लांच्या केकाटण्याला मोठे धावतात, पण तेव्हा माद्यांमागे बिळात पिल्लं असतात. रँचवाल्याचं नुकसान होत नसेल तर त्या महिन्यांत मी जात नाही. एका जागेवर पंधरा-वीस मिनिटं. काही आलं नाही तर उठून निदान मैलभर पलीकडे.

7. ओळखणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा, आणि नेमका इथेच सगळ्यात कमी दिला जातो.

पहिला नियम: रायफलवरच्या स्कोपने शोधायचं नाही. स्कोपने बघणं म्हणजे जे दिसेल त्याच्यावर भरलेली बंदूक रोखणं, आणि ते माणूसही असू शकतं. शोधायचं हातातल्या दुर्बिणीने. रायफल ट्रायपॉडवर, ठरलेल्या दिशेला, बोट चापाबाहेर. म्हणूनच वर म्हटलं, आधी दुर्बीण घ्या.

दुसरी अडचण अंतराची. थर्मलमध्ये खोली कळत नाही. 60 यार्डांवरचा ससा आणि 250 यार्डांवरचा कायोटी पडद्यावर सारखे दिसू शकतात. दिवसा मोजून ठेवलेली अंतरं किंवा लेझर रेंजफाइंडर वापरा.

आकारावर जाऊ नका, चालीवर जा. कायोटी दुडक्या चालीने येतो, मधेच थांबतो, नाक वर करतो, पुन्हा तिरका सुटतो. पाय बारीक, तोंड निमुळतं, शेपूट खाली लोंबलेली. शेपटीवरच्या दाट केसांमुळे ती अंगापेक्षा गडद दिसते, तर तोंड आणि डोळ्यांचा भाग उजळ. हरणाची मान लांब, पाय उंच, चालताना डोकं पुढेमागे होतं. चरायला मान खाली घातलेलं हरिण मात्र क्षणभर चांगलंच फसवतं. रानडुक्कर म्हणजे मानेवाचून पिंप, बहुधा कळपात. रकून पाठ काढून डुलत जातो. वासरू जाड पायांचं, आणि त्याच्या आसपास कुठेतरी गाय असतेच, ती शोधा.

कुत्रं ओळखणं सगळ्यात अवघड. गळ्यातला पट्टा कधीकधी मानेवर गार आडवी रेघ म्हणून दिसतो, पण जाड केसांत लपतो. कुत्रं सरळ येतं, माणसांची चाहूल लागली की शेपूट हलवतं किंवा भुंकतं. कायोटी माणसाची चाहूल लागली की पळतो. राखणीची कुत्री असलेल्या रँचवर नाइट व्हिजनमध्ये जनावर स्पष्ट बघितल्याशिवाय बार नाही. पिरनीज पांढराशुभ्र असतो, तिथे तो लगेच कळतो. थर्मलमध्ये कातडीचा रंग कळतच नाही.

त्याच कारणाने दक्षिण टोकाच्या कॅमेरॉन आणि विलसी काउंटीकडे कोणत्याही मांजरवर्गीय जनावरावर रात्री बार काढू नका. तिथे ऑसलॉट आहे, केंद्रीय कायद्याने संरक्षित, अमेरिकेत मोजकेच उरलेले. बॉबकॅट आखूड शेपटीचा, ऑसलॉट लांब शेपटीचा आणि ठिपक्यांचा, पण ते ठिपके थर्मलला दिसत नाहीत आणि शेपूट गवतात गेलेली असते.

इन्फ्रारेड दिव्यात डोळे चमकले एवढ्यावरही काही ठरत नाही. गाईचे चमकतात, हरणाचे चमकतात, कुत्र्याचे चमकतात.

आमच्या गटात रीत अशी आहे: दुर्बीणवाला काय दिसतंय ते सांगतो, अंतर सांगतो, मागे काय आहे ते सांगतो. रायफलवाला स्वतःच्या स्कोपमध्ये तेच बघून जनावराचं नाव पुन्हा उच्चारतो. दोघांची नावं जुळली नाहीत तर बार नाही, चर्चाही नाही. "बहुतेक कायोटीच" हे उत्तर नाही म्हणूनच धरायचं.

8. बार आणि त्यानंतरची पाच मिनिटं

जनावर थांबलेलं, आडवं उभं, मागे माती. नेम खांद्यामागे. कानांवर इलेक्ट्रॉनिक मफ आधीपासून हवेत, बोलणं ऐकू येतं आणि बार दबतो. सेन्सर स्वतःला जुळवून घेताना पडदा क्षणभर गोठतो आणि बारीक टिक् आवाज येतो. हे नेमकं चाप दाबताना होऊ नये म्हणून जनावर लांब असतानाच ती क्रिया हाताने करून घ्या.

बार झाल्यावर लगेच उठू नका. बऱ्याचदा जोडीदार मागून येत असतो. आणि पडलेलं जनावर कुठे आहे हे नंतर सापडत नाही, कारण उठून चाललेल्या माणसाला जमिनीवरून ते दिसत नाही. एकाने दुर्बीण त्याच जागेवर धरून ठेवायची. बाकीच्यांच्या रायफली रिकाम्या, चेंबर बोटाने चाचपून, आणि शेजाऱ्याने बघून खात्री केलेली. मग दोघांनी जायचं आणि बसलेल्याने रेडिओवर दिशा द्यायची: डावीकडे, अजून वीस पावलं, तिथेच. ताजं रक्त थर्मलमध्ये काही मिनिटंच उजळ दिसतं, जखमी जनावराचा माग काढायचा तर वेळ दवडू नका.

लांबून काठीने डोळ्याला स्पर्श करून बघा. उघड्या हाताने उचलू नका: रेबीजची शक्यता असते, खरूज असते, आणि शरीर गार होऊ लागलं की पिसवा उतरून जवळच्या उबेकडे येतात. रबरी हातमोजे घाला. कायोटीचं काय करायचं ते मालकाला आधीच विचारलेलं हवं. रस्त्याकडेला टाकणं बेकायदा आहे आणि पुढच्या वेळची परवानगी त्यानेच जाते.

9. आवरताना

म्होरक्याने माणसं मोजायची, मग रायफली, मग काडतुसं. सगळ्या रायफली पेटीत बंद झाल्यावरच गाडी सुरू. कॉलर आणि त्याचा रिमोट गवतात विसरणं हा जवळपास ठरलेला प्रकार आहे. त्यावर चमकती टेप लावा आणि पेटीत त्याची जागा ठरवून टाका.

गेट जसं सापडलं तसंच सोडायचं. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. उघड्या गेटमधून गुरं पाण्यावर जात असतात.

दमट रात्री बाहेरून आणलेलं यंत्र एकदम गरम घरात उघडून ठेवू नका. बॅगेतच तासभर राहू द्या, नाहीतर लेन्सवर वाफ धरते. मग कोरडं पुसून बॅटरी काढून ठेवा.

सकाळी मालकाला मेसेज करा: किती मारले, कुठे, एखादा जखमी होऊन गेला का, कोणतं कुंपण तुटलेलं दिसलं. स्कोपमधला व्हिडिओ मित्रांच्या ग्रुपवर टाकायचा असेल तर आधी त्यालाही विचारा. कुठल्या कुरणात रात्री कोणी नसतं हे जनावरं चोरणाऱ्यांनाही त्यातून कळतं.